खांदशेकणीचा बैल

पोळा दोन दिवसांवर आला होता आणि तानबा केळझरच्या सडकेवर गिट्टी फोडत बसला होता. ऐन निंदणाच्या दिवसांत धडधाकट गडी सडकेवर दगड फोडताना दिसला की समजावं, याचं गावाशी वाकडं आलं आहे. तानबाचं वाकडं नव्हतं आलं, पार तुटलंच होतं. गेल्या दसऱ्याला, म्हणजे छप्पन सालच्या, अख्खा महारपुरा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि आल्या दिवसापासून त्यांनी गावची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. तानबाच्या बायकोनं, धुरपतानं, तर ज्या मडक्यांत मेल्या ढोराचं मांस शिजायचं ती मडकी नाल्यावर नेऊन एकेक करून दगडावर आपटली आणि राखेनं कोपरापर्यंत हात घासून घेतले.

गावानं आधी हसून घेतलं. मग पहिलं जनावर मेलं, कुजलं, आणि गावाचं हसू आटलं. महारपुऱ्यातल्या बायांना निंदणाला बोलावणं थांबलं, गड्यांना सालानं ठेवणं थांबलं. वैशाखात धुरपताचा भाऊ कवडू गावच्या विहिरीवर बादली सोडायला गेला, तेव्हा तीच बादली त्याच्या टाळक्यात घालून गावानं आपलं म्हणणं स्पष्ट केलं. कवडू मेला नाही, एवढंच काय ते नशीब. पण त्याचा डावा डोळा फुटला आणि पापणी तेव्हापासून अर्ध्यातच अडकलेली होती.

तर तानबा गिट्टी फोडत होता, भुवया दगडाच्या भुकटीनं पांढऱ्या झाल्या होत्या, आणि नागपूरची मोटार त्याच्यासमोरच येऊन थांबली. तिच्यातून त्याचा गुलाब उतरला. कॉलेजात शिकणारं पोरगं असं मधल्याच दिवशी आलं की बापाला आधी आजारपणच सुचतं.

"काऊन बे? आजारी हायेस का?"

"नाई बा. नाव लागलं माहं."

"कायच्यात?"

"विलायतेत. इंजिनेरी शिकाले. मोठमोठे पूल कसे बांधतेत थे. खर्च सारा सरकारचा. बोटीचं भाडं बी सरकारच देते."

तानबानं हातोडी खाली ठेवली. त्याला हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. शेजारी गिट्टी फोडणाऱ्या बाया बघायला लागल्या. पोराच्या पाठीवर त्यानं असा धपाटा घातला की गुलाबच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाची बोटं उमटली.

"पन एक दाखला पायजे बा," गुलाब म्हणाला. तो खाली बघून बोलत होता. "जात महार, धर्म हिंदू, असा. हा सरकारी पैशाचा वजीफा त्यायलेच हाये. बुद्ध झाले त्यायले नाई भेटत. पाटलाची चिठ्ठी घेऊन वर्ध्याच्या कचेरीत जा लागन. पोयाच्या आठवड्यातच."

तानबाचं हसू तिथंच वाळलं.

संध्याकाळी घरात कवडू येऊन बसला. बातमी पोरापेक्षा आधी पोचली होती. कवडू पुऱ्याचा म्होरक्या. ढोरं ओढायची नाहीत हा ठराव त्याच्याच ओट्यावर झाला होता आणि ठराव मोडील त्याच्याशी रोटी-पाणी बंद, हेही तिथंच ठरलं होतं.

"म्हंजे पोट्ट्यानं विलायतेले जाचं, तं बापानं पुन्हा महार व्हाचं," कवडू म्हणाला.

"कागदावर, मामा. दोन अक्षरं हायेत फकत. कागदावर लिहिल्यानं का मानूस बदलते?"

कवडूनं पोराची हनुवटी धरून त्याचं तोंड स्वतःच्या फुटक्या डोळ्यासमोर आणलं. "हा डोया पाय. नीट पाय. हा कागदावर फुटला काय बे?"

गुलाबनं हनुवटी सोडवून घेतली. पोरगं मुळात वाईट नव्हतं, पण इतकं शिकलं होतं की त्याला आणखी शिकल्यावाचून दम निघत नव्हता. त्यानं आईकडे पाहिलं. "माय, मले जाचं हाये. लय जाचं हाये. असं पुन्हा नाव लागत नसते."

धुरपता चुलीपाशी ज्वारीची भाकर थापत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "पोट्टं म्या पोटातून काढलं, अन मडके बी म्याच फोडले. मले दोन्हीतलं एक निवडा म्हनता. राहू द्या थे विलायत. नागपूरच्या नद्याइले पूल लागत नाई काय?"

तानबाच्या डोक्यात एकच चित्र होतं, बोटीत बसलेल्या गुलाबचं. बोट त्यानं जन्मात पाहिली नव्हती, म्हणून ती त्याला पवनारच्या धाम नदीत चालणाऱ्या डोंग्यासारखीच दिसत होती, फक्त मोठी. आपण उभी हयात मेलेले बैल ओढले. आपल्या बापानं ओढले. या पोरानं डोंग्यात बसून समुद्र ओलांडावा आणि त्याच्या अंगाला कसलाही वास येऊ नये, एवढंच त्याला पाहिजे होतं. त्यासाठी एक शब्द गिळावा लागत असेल तर त्यानं आजवर काय कमी गिळलं होतं?

"जाईन थो," तानबा म्हणाला. "सकाळी पाटलाकडं जातो मी."

कवडू उठला आणि भाकर न खाताच गेला.

दुसऱ्या दिवशी खांदशेकणी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांना धुऊन, त्यांच्या खांद्याला हळद-लोणी चोळून, पळसाच्या पानानं शेकून 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणून निमंत्रण द्यायचं. आणि नेमका त्याच पहाटे भैय्याजी पाटलाचा गौळाऊ जातीचा बैल मेला. रात्री पोट फुगलं, पाय झाडले, आणि उजाडता उजाडता कोठ्याच्या दारातच आडवा झाला. बाकीचे बैल आत, हा दारात, आणि पोळा दारापलीकडं.

तानबा आणि गुलाब पोचले तेव्हा पाटलाचे सालदार नाकाला दुपट्टे बांधून लांबून बल्ल्या लावून बैलाला रेटत होते. रेटून रेटून त्यांनी तो कसाबसा अंगणाच्या तोंडाशी आणला होता. पोट तट्ट फुगलेलं, जीभ एका बाजूला लोंबलेली, डोळ्यांवर माशांचं मोहोळ. रात्रभर पाऊस झाला होता आणि आता ऊन पडलं होतं, त्यामुळं वास अंगणात उभा राहिला होता. पाटील ओट्यावर बसून सुपारी कातरत होता.

"रामराम पाटील," तानबा म्हणाला.

पाटलानं सुपारी कातरली.

"रामराम पाटील."

पाटील जन्माचा बहिरा असावा असा बसून राहिला. अंगणात जमलेली माणसं गंमत बघायला लागली. त्याला काय ऐकायचं आहे ते तानबाला ठाऊक होतं, आणि अडला हरी गाढवाचे पाय धरी. त्यानं वाकून हात जमिनीला लावला. "जोहार मायबाप."

"हां, तानबा! कवा आलास?" पाटलाला लगेच ऐकू आलं.

तानबानं काम सांगितलं. गुलाब शेजारी उभा होता, कानशिलं लाल झालेली. पाटलानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"महार म्हून लिहून देऊ? पन गावात तं एक बी महार राह्यला नाई बाप्पा. सारे बुद्ध. मी सरकारचा मानूस, खोटं कसं लिहू?"

माणसं हसली. पाटील हसला नाही. त्यानं अडकित्त्यानं बैलाकडं दाखवलं.

"महार कोन? जो ढोर ओढते थो महार. हा ओढून हाडकीवर नेऊन टाक. मंग मी बी खरं लिहितो, अन तू बी खरा."

"पाटीलजी," गुलाब मध्येच बोलला, "बंडीले बांधून नेला तं एका घडीत..."

"आज खांदशेकणी हाये बे! आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाई. कालेजात गेला तं रीतभात बी इसरला काय?"

त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत हे खरंच आहे. माणसाच्या मानेबद्दल मात्र कोणी काही सांगून ठेवलेलं नाही.

"चार जनं घेऊन ये," पाटील म्हणाला.

"पुऱ्यातून कोनी येत नाई," तानबा म्हणाला. "मी एकटाच ओढतो."

घरी आल्यावर तानबा आढ्याला हात घालून जुना दोर काढायला गेला, तर दोर जागेवर नव्हता. धुरपता त्याच्यावरच बसली होती. घराच्या मधोमध, दोराच्या वेटोळ्यावर मांडी घालून.

"उठ."

"नाई उठत."

"धुरपते, उठ. पोट्ट्याचं जिनं हाये."

"माह्यं नाई काय? त्या दोरानं तुमच्या बापाचं जिनं गेलं, तुमचं गेलं. कवडूचा डोया गेला. आता माह्या घरात तो वास पुन्हा येऊ देत नाई मी. तुमाले ओढाचंच हाये ना? तं पहिले मले ओढा."

तानबानं तिचा दंड धरून तिला बाजूला खेचलं. ती दोरासकट खेचली गेली. त्यानं दोराचं टोक उपसलं, तशी तिनं त्याच्या मनगटाला असा चावा घेतला की रक्त आलं. त्यानं तिच्या थोबाडीत मारली. बावीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला मारलं नव्हतं असं नाही, पण इतकं जोरात कधी मारलं नव्हतं. ती भिंतीवर जाऊन आदळली आणि तिथंच बसली. रडली नाही. तोंडातलं रक्त तिनं जमिनीवर थुंकलं आणि ते कोणाचं, आपलं की नवऱ्याचं, ते बघत बसली.

गुलाब मध्ये आला. "बा, तुमी नोका. मी ओढतो. माह्यासाठीच हाये ना सारं?"

तानबा त्याच्यावर असा वळला की पोरगं दारापर्यंत मागं सरकलं. "तुह्या हातानं त्या दोराले शिवलं ना, तं खांडोळी करीन तुही. समजलं? बस इथी. मायजवळ बस." त्यानं पोराला आत ढकललं, बाहेरून कडी घातली आणि दोर खांद्यावर टाकून निघाला.

गाव उंचावर आणि मेलेली ढोरं टाकायची हाडकी खाली, नाल्याच्या काठी. उताराची वाट, श्रावणातली काळी माती, त्यामुळं एकट्या माणसाला हे जमण्यासारखं होतं, पण नुसतं जमण्यासारखं. तानबानं पळसाच्या फांद्या तोडून बैलाच्या पोटाखाली सारल्या. पुढचे पाय एकत्र बांधले, दोर शिंगांना वेढला आणि बगलेतून घेऊन उजव्या खांद्यावर टाकला. वर्षभरात खांद्यावरचे घट्टे मऊ पडले होते. पहिल्याच हिसक्याला कातडी सोलली.

बैल हलला. मग घसरला. घसरला तो थेट तानबाच्या पोटऱ्यांवर, आणि तानबा तोंडावर चिखलात पडला. वरून पाटलाच्या अंगणातून हसण्याचा आवाज आला. तानबा उठला, तोंडातली माती थुंकली, पुन्हा दोर घेतला. बैल फुगलेला असल्यामुळं प्रत्येक हिसक्याला त्याच्या आतून वारं सुटत होतं आणि ते नेमकं तानबाच्या अंगावर येत होतं. त्याला दोनदा ओकारी आली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पिवळं पाणी पडलं. आपण हे इतकी वर्षं कसं केलं, असं त्याच्या मनात आलं. त्याला आपल्या बापाची दया आली, आणि स्वतःचा राग आला.

उतार संपला तिथं सपाट चिखल लागला आणि बैल रुतला. तानबा आडवा होऊन ओढत होता, पाय चिखलात फाकलेले, मानेच्या शिरा दोराएवढ्या झालेल्या. बैल इंचभर सरकेना. तेव्हा त्याला समोर पाय दिसले. कवडू होता, आणि त्याच्यामागं पुऱ्यातली चार जवान पोरं. कवडूच्या हातात बंडीची उभारी होती, गाडीच्या कडेचा मनगटाएवढा जाड दांडा.

"सोडा दोर, भाऊजी."

"बाजूले हो कवडू."

"तुमी एक ओढला तं उद्या धा ओढा लागतीन. तुमाले नाई, आमाले. पाटील म्हनन, तानबा ओढते तं तुमी काऊन नाई? सोडा."

"माह्या पोट्ट्याचं नशीब हाये."

"आमचे पोट्टे दगडाचे हायेत काय?"

हे कवडूचं खरंच होतं, आणि खरं असल्यामुळंच तानबाला सहन झालं नाही. त्यानं कवडूला आईवरून शिवी दिली. उभारी उठली आणि तानबाच्या उजव्या खांद्यावर बसली, सोललेल्या जागेवरच. हाड मोडल्याचा आवाज त्यालाही आला आणि कवडूलाही. तानबा दोरात गुंतला होता, त्यामुळं त्याला धड पडताही येईना. त्यानं डाव्या हातानं कवडूची मांडी धरली आणि दात रोवले. मग पोरं तुटून पडली. लाथा पाठीत, बरगड्यांत, तोंडावर. कोणीतरी त्याचं डोकं धरून बैलाच्या पोटावर आपटलं. वर पाटलाच्या अंगणाशी सारं गाव येऊन उभं राहिलं होतं. बुद्ध बुद्धाला मारतोय, हा तमाशा फुकटात मिळत होता, मग कोण खाली उतरणार?

गुलाब कधी आला ते तानबाला कळलं नाही. धुरपतानं मागच्या कुडाची फट मोकळी करून त्याला बाहेर काढलं होतं, बापाला परत आण म्हणून. त्यानं पोरांना ढकललं, स्वतः मार खाल्ला, त्याचा ओठ फाटला. बापाला त्यानं दोरातून सोडवलं. आता हा आपल्याला घरी नेणार असं तानबाला वाटलं. पण गुलाबनं बापाच्या सुजलेल्या तोंडाकडं पाहिलं, लोंबत्या हाताकडं पाहिलं, आणि दोर उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला.

"नोको बे..." तानबा म्हणाला.

गुलाबनं ओढलं. पांढरा सदरा खांद्यावर फाटला. कवडूनं उभारी पुन्हा वर केली आणि भाच्याच्या पाठीत घातली. पोरगं वाकलं, पण दोर सोडला नाही. कवडूनं तिसऱ्यांदा उभारी उचलली आणि मग ती तशीच चिखलात फेकून दिली. तो ओक्साबोक्शी रडायला लागला, आणि रडतच पुऱ्याच्या वाटेला लागला. पोरंही त्याच्यामागं गेली. तानबा उठला, डाव्या हातानं दोराचं शेपूट धरलं, आणि बाप-लेकांनी तो बैल हाडकीवर नेऊन टाकला.

चिठ्ठी पाटलानं त्याच संध्याकाळी दिली. शब्दाला पक्का माणूस, नाही कसं म्हणावं? खांदशेकणी चालू होती, हळदीचे हात होते, म्हणून त्यानं ती हातात न देता ओट्याखाली टाकली. गुलाबनं वाकून उचलली.

पोळा झाला. पुऱ्यानं तानबाच्या घराचं पाणी बंद केलं. म्हणजे आता गावच्या विहिरीवर गेलं तरी मार, आणि पुऱ्यातल्या झिऱ्यावर गेलं तरी मार. हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं लांबून येऊन गुलाबचा ओठ शिवला, तानबाचा खांदा बांबूच्या कामट्या लावून बांधला आणि सांगितलं, हा हात आता डोक्याच्या वर जाणार नाही. धुरपता दोघांनाही भाकर वाढत होती, पण बोलत नव्हती. ती भाकर लांबून सरकवायची. नवरा-पोरगं अंगणात चार-चार वेळा राखेनं अंग घासत, आणि तरी ती नाकाला पदर लावायची. तानबा मनात म्हणायचा, असू दे. पोरगं एकदा बोटीत बसलं की सारं वसूल.

वर्ध्याच्या कचेरीत दत्तोपंत म्हणून कारकून होते. माणूस भला होता. त्यांनी चिठ्ठी वाचली, बापाचा बांधलेला खांदा पाहिला, पोराचा शिवलेला ओठ पाहिला, आणि जबाबाचा कागद पुढं ओढला.

"चिठ्ठी ठीक आहे. पण बापाचा जबाब लागतो. मी विचारीन ते सांगा, मी लिहून घेतो, खाली अंगठा करा. नाव?"

"तानबा."

"वडिलांचं?"

"डोमा."

"जात?"

"महार."

हे सहज आलं. पिढ्यांची सवय.

"धर्म?"

"बौद्ध."

तो शब्द आला कसा ते तानबालाही सांगता आलं नसतं. मोटारीत बसून वर्ध्यापर्यंत तो मनात 'हिंदू, हिंदू' असंच घोकत आला होता. पण वर्षभर ज्या शब्दापायी मार खाल्ला तो शब्द अंगात मुरला होता. ठणकत्या जागी बोट लागलं की माणूस ओरडतो, ठरवून ओरडत नाही, तसा तो बाहेर पडला. स्वतःच्याच कानावर आला तेव्हा तानबानं टेबलाची कड धरली.

दत्तोपंतांनी टाक खाली ठेवला. दाराकडं पाहिलं, साहेबाच्या खोलीकडं पाहिलं.

"बाहेर गलका फार आहे," ते हळूच म्हणाले. "मला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा विचारतो. बाबा, घाई करू नका, विचार करून सांगा. धर्म?"

तानबानं गुलाबकडं पाहिलं नाही. कपाळावर घाम आला. खांदा मोडताना त्याला जेवढं दुखलं नव्हतं तेवढं आता दुखत होतं, आणि हे जबाब घेणाऱ्यालाही दिसत होतं.

"हिंदू," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी नाकावर आलं आणि तिथून मिशीत उतरलं.

दत्तोपंतांनी सुटकेचा श्वास सोडून टाक दौतीत बुडवला.

"साहेब," गुलाब म्हणाला, "बानं पहिलं सांगतलं थे लिवा."

"काय?"

"पहिलं सांगतलं थे."

"अरे, कळतंय का तुला? ते लिहिलं तर हा कागद इथून पुढं कुठंच जाणार नाही. विलायत संपली."

"समजते साहेब."

तानबाला तेव्हा पोराचा अभिमान वाटला असं कोणी सांगत असेल तर तो खोटं बोलतो. त्याला पोराचा गळा दाबावासा वाटला. बायकोच्या तोंडातून काढलेलं रक्त, मेव्हण्याची तुटलेली माया, मोडका खांदा, जोहार, ते पिवळं पाणी, सगळं एकदम त्याच्या डोक्यात चढलं. त्यानं डावा हात फिरवला आणि भर कचेरीत गुलाबच्या मुस्काटात हाणली. शिवलेला ओठ उसवला. दुसरी हाणली. चपराशी धावला, लोक उठून उभे राहिले.

"याच्यासाठी ओढला काय बे मी थो बैल? याच्यासाठी? बोल!"

गुलाबनं हात वर केला नाही. रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर ठिबकत होतं. "पहिले तुमीच बोलले बा," तो म्हणाला. "मी नाई बोललो. दुसऱ्या खेपेले तुमचं तोंड माह्यानं पाह्यलं नाई गेलं. त्या तोंडापाई मी बोटीत बसू?"

तानबाचा हात तिसऱ्यांदा उठला. तो पोरावर पडला नाही. त्यानं तो स्वतःच्या तोंडावर मारला, जिथून तो शब्द निघाला होता तिथं. पुन्हा मारला. पुन्हा. दात हलले, मिशी लाल झाली, तरी तो थांबेना, शेवटी गुलाबनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि स्वतःच्या छातीशी दाबून ठेवलं. तानबा ओढत राहिला, आणि पोरानं सोडलं नाही.

चपराशी मागं सरकला. दत्तोपंतांनी टाकावरची सुकलेली शाई झटकली, तो पुन्हा दौतीत बुडवला, आणि पहिलं सांगितलं ते लिहिलं.